घरगुती मसाल्याचा व्यवसाय: कोड कुठले, नियम कुठे वाचायचे?

मिरचीपूड | ४ ऑगस्ट २०२४, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी कराड तालुक्यातली. सासूबाईंच्या हातचा कांदा-लसूण मसाला बरीच वर्षं नात्यागोत्यात आणि ओळखीपाळखीत जातोय. आता जाऊबाई आणि मी मिळून तो रीतसर व्यवसाय म्हणून करायचं ठरवलंय. जोडीला मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी. परड्यातल्या खोलीत कांडप मशीन बसवायचंय, पाऊच छापून घ्यायचेत आणि कराड-साताऱ्याच्या दुकानांत माल ठेवायचाय.

अडलंय ते कोडपाशी. उद्यमचा, म्हणजे लहान उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, अर्ज एनआयसी कोड मागतो. सीए म्हणतात एचएसएन सांगा. अन्न परवान्याच्या संकेतस्थळावर फूड कॅटेगरी म्हणून तिसरंच काहीतरी. शिवाय दुकानदार विचारतात, वजनमापंवाल्यांची नोंदणी झाली का? यूट्यूबवर जितके व्हिडिओ तितक्या मर्यादा आणि तितक्या फिया.

मला हे मुळातून समजून घ्यायचंय. कुठला नियम कुठल्या खात्याचा, तो मूळ स्वरूपात कुठे वाचायला मिळतो आणि आज तो लागू आहे हे कसं ओळखायचं? ज्यांनी हे केलंय त्यांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

हिशोबनीस | ५ ऑगस्ट, सकाळी ८:१५

ताई, तिन्ही कोड वेगळे आहेत, कारण तिन्ही खाती तुम्हाला वेगळा प्रश्न विचारतायत. तुम्ही काम काय करता, हे एनआयसी सांगतो. वस्तू कुठली विकता, हे एचएसएन, म्हणजे जीएसटीसाठी लागणारा वस्तूचा कोड. आणि त्या पदार्थाला कुठलं मानक लागतं, हे फूड कॅटेगरीवरून ठरतं. म्हणून कोड शोधायच्या आधी एका कागदावर प्रत्येक मालाची कृती लिहा: काय काय पडतं, किती टक्के, भाजता की तळता, तेल घालता का, कशात भरता, कुणाला विकता. पुढचं सगळं त्या कागदावरून ठरतं.

एनआयसी म्हणजे राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरण. उद्यममध्ये २००८ ची आवृत्ती चालते. त्यात अन्नपदार्थ निर्मितीचा विभाग १०. मसाले दळणं आणि त्यांवर प्रक्रिया करणं १०७९५ मध्ये, पापड १०७९६ मध्ये. लोणच्यांचा गटच वेगळा, फळं-भाज्या टिकवण्याचा, १०३. उद्यममध्ये एकापेक्षा जास्त कोड टाकता येतात, तेव्हा मेतकूट आणि चटणीसाठी १०७९ खालची वर्णनं वाचून जुळणारे तेही घ्या. फक्त शब्द टाकून शोधलं तर भलतंच काहीतरी वर येतं. आधी दोन आकडी विभाग, मग तीन, मग चार, असं उतरत जा आणि शेजारच्या कोडचं वर्णनही वाचा. आपला माल शेजारी तर बसत नाही ना, ते तिथेच कळतं.

उद्यम नोंदणी पूर्ण मोफत आहे. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'जीओव्ही डॉट इन' ने संपतो. हुबेहूब तसंच पान दाखवून पैसे मागणारी खासगी पानं बरीच आहेत, तिथे आधार क्रमांक देऊ नका.

एचएसएनचं रात्री लिहितो, ते जरा किचकट आहे.

झटपट | ५ ऑगस्ट, सकाळी १०:०२

एवढं वाचत कशाला बसायचं? आमच्याकडे एजंट उद्यम, फूड लायसन्स, गुमास्ता सगळं पॅकेजमध्ये करून देतो. एका दिवसात कागद हातात. तुम्ही मसाल्याकडे लक्ष द्या.

रानजाई | ५ ऑगस्ट, दुपारी १:३०

झटपट, एजंटला काम द्यायला हरकत नाही, पण अर्जावर काय लिहिलं जातंय ते मालकिणीला कळलंच पाहिजे. आमचा सोलापूरकडचा बचत गट, शेंगदाण्याची चटणी आणि ज्वारीच्या कडक भाकरी करतो. एजंटनं उद्यमवर ४७ ने सुरू होणारा कोड टाकला, म्हणजे किरकोळ विक्री. आम्ही तर पहाटेपासून भाजतो, कुटतो, भरतो. किरकोळ आणि घाऊक व्यापाराला जुलै २०२१ पासून उद्यममध्ये घेतलंय खरं, पण फक्त बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरतं. प्रक्रिया उद्योगाच्या योजनेत अर्ज केला तेव्हा बँकेनं कागद परत केले: तुम्ही तर व्यापारी दिसताय.

दुरुस्ती उद्यमच्या संकेतस्थळावरच होते, तीही मोफत. पण तेवढ्यात दिवाळीचा हंगाम हातचा गेला. गटातल्या बायकांनी त्या भरवशावर शेंगदाणा घेऊन ठेवला होता, त्यांचं तोंड बघवत नव्हतं. म्हणून तळमळीनं सांगते ताई, अर्ज कुणीही भरू दे, 'सबमिट'च्या आधी प्रत्येक रकाना स्वतः वाचा.

आणि पीएमएफएमई योजना बघाच. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० मध्ये सुरू झाली, प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. आपल्याकडे ती कृषी विभाग राबवतो. जिल्ह्याला नेमलेली संसाधन व्यक्ती असते, ती प्रकल्प अहवालापासून परवान्यापर्यंत मदत करते आणि तिचं मानधन सरकार देतं. तालुका कृषी कार्यालयात नंबर मिळेल.

हिशोबनीस | ५ ऑगस्ट, रात्री १०:२०

रानजाई, फार उपयोगी लिहिलंत. आता एचएसएन.

दर बघून कोड निवडायचा नसतो. आधी वर्गीकरण, त्यातून जो दर निघेल तो. नुसती मिरची पूड ०९०४, हळद ०९१०, इथपर्यंत सोपं आहे. मिश्र मसाल्यासाठी मात्र कस्टम्स टॅरिफच्या (सीमाशुल्काची वस्तूंची यादी, हे कोड तिच्यातलेच) नवव्या प्रकरणाच्या सुरुवातीची टीप वाचायलाच हवी. तिचा आशय असा: ०९०४ ते ०९१० मधल्या वेगवेगळ्या शीर्षकांचे (चार आकडी कोडांचे) मसाले एकत्र केले तर मिश्रण ०९१० मध्ये जातं. त्यात दुसरे पदार्थ घातले तरी चालतं, पण मिश्रणाचा मूळ मसालेपणा टिकला पाहिजे. तो टिकला नाही, तर ते नवव्या प्रकरणातून बाहेर. तयार चवीची मिश्रणं असतील तर २१०३ मध्ये. २०२४ मध्ये ०९१० ला ५ टक्के होते, २१०३ मधल्या मिश्रणांना १२.

आता तुमचा कांदा-लसूण मसाला घ्या. मिरची, धने, जिरे, लवंग, दालचिनी हे मसाले. पण वाळवलेला कांदा आणि लसूण टॅरिफच्या नजरेत भाज्या आहेत. सुकं खोबरं, तीळ, मीठ आणि तेलही मसाले नव्हेत. म्हणजे किलोभर मसाल्यात मिरची-धन्यांचा वाटा किती आणि कांदा-लसूण-खोबऱ्याचा किती, यावर हे ठरायचं. घराघरातलं प्रमाण वेगळं असतं, त्यामुळे शेजारणीचा कोड उचलू नका. कागदावर टक्केवारी लिहा म्हटलं ते यासाठीच.

मेतकुटात तर डाळ, तांदूळ, गहू हेच मुख्य. ते मसाल्याच्या कोडखाली दडपू नका. शेंगदाण्याची कोरडी चटणी मात्र सुटसुटीत आहे. चटणी पावडर असा स्पष्ट उल्लेख २१०६ खाली आहे, दर ५ टक्के.

खरोखर पेच असेल आणि उलाढाल मोठी असेल, तर जीएसटी कायद्यात अग्रिम निर्णय मागायची, म्हणजे कोड आणि दर खात्याकडून आधीच लेखी ठरवून घ्यायची, सोय आहे. फी केंद्राची ५,००० आणि राज्याची ५,०००. दुसऱ्याला मिळालेला निर्णय वाचून दिशा कळते, पण तो ज्यानं मागितला त्याच्यावर आणि त्याच्या अधिकाऱ्यावरच बंधनकारक असतो. त्यात लिहिलेली कृती आणि आपली कृती शेजारी ठेवून वाचावी.

वस्तू राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. तरी कोड आत्ताच ठरवून ठेवा, मोठी दुकानं मागतात.

सीमावासी | ६ ऑगस्ट, सकाळी ७:५०

मी निपाणीचा. आमच्या किराणा दुकानात असा घरगुती मसाला ठेवायला आवडेल. कराड काही लांब नाही. ४० लाखांची सूट आम्हाला माल पाठवतानाही धरता येईल ना?

हिशोबनीस | ६ ऑगस्ट, सकाळी ९:०५

नाही साहेब. निपाणी कर्नाटकात. राज्याबाहेर माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून नोंदणी लागते, उलाढाल कितीही लहान असो. कंपोझिशन योजनेतल्या (लहान व्यापाऱ्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची सोय) व्यापाऱ्यालाही राज्याबाहेर माल विकता येत नाही. सीमेवरच्या लहान उद्योजकांना हे फार जाचक होतं. दहा मैलांवरचं गाव परराज्य, आणि शेकडो मैलांवरचं चंद्रपूर आपलं. पण आज नियम असा आहे. ताई, निपाणी-बेळगाव-गोवा डोक्यात असेल तर हा निर्णय आधी घ्या, मग हिशोब मांडा.

वजनकाटा | ६ ऑगस्ट, दुपारी ४:४०

वैधमापन शास्त्र विभागात, म्हणजे वजनमापं खात्यात, नोकरी करून निवृत्त झालो. आमच्या खात्याचं सांगतो, कारण अन्न परवाना काढला की सगळं झालं, असा समज सर्रास आढळतो.

पाकीटबंद मालाला २०११ चे आवेष्टित वस्तू नियम लागतात. माल स्वतः पाकिटात भरणाऱ्यानं भरणं सुरू केल्यापासून ९० दिवसांत नियम २७ खाली नोंदणी करायची, फी ५०० रुपये. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, वस्तूचं नाव, निव्वळ वजन, उत्पादनाचा महिना-वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क हवा. एकक विक्री किंमतही लिहावी लागते. एक किलोच्या आतल्या पाकिटाला प्रति ग्रॅम, वरच्याला प्रति किलो.

निव्वळ वजन म्हणजे पाऊचचं वजन सोडून. रिकामा पाऊच काट्यावर ठेवून आधी शून्य करा, मग भरा. कांदा-लसूण मसाला ओलसर असतो, भरल्यानंतर सुकतो आणि वजनात घटतो. तपासणीत ती घट दिसते आणि बाई प्रामाणिक असूनही अडकते. दोन-तीन पाकिटं आठवडाभर ठेवून पुन्हा तोला, किती घट येते ते बघा आणि तेवढा माल वाढवून भरा. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी करून शिक्का घ्यावा लागतो. ऑनलाइन मिळणारा स्वस्त किचन काटा व्यापाराला चालत नाही, खरेदीआधीच मुद्रांकित काटा मागा.

मिरचीपूड | ६ ऑगस्ट, रात्री ९:१०

वजनकाटा काका, मनापासून आभार. वजन घटतं हे कुणीच सांगितलं नव्हतं. आता अन्न परवान्याचं कुणी सांगेल का? आणि दुकानदार म्हणतात, मोठ्या पिशवीत सुटा द्या, आम्ही मागेल तसा तोलून देऊ. ते चालतं का?

अन्नपूर्णा_लॅब | ७ ऑगस्ट, सकाळी ११:२५

मी अन्न तपासणी प्रयोगशाळेत काम करते.

सुटा मसाला नको. विक्रीवरील प्रतिबंध व निर्बंध विनियम, २०११ मध्ये स्पष्ट आहे की दळलेले मसाले पाकीटबंदच विकायचे. गिऱ्हाईक स्वतःची मिरची आणून कांडून नेतं तो प्रकार निराळा, तिथे तुम्ही माल विकत नाही, कांडपाची मजुरी घेता.

परवाना अन्न सुरक्षा व मानक प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर. २०२४ च्या नियमांप्रमाणे वर्षाची उलाढाल १२ लाखांपर्यंत असेल तर नोंदणी, वर्षाला १०० रुपये. त्यावर राज्याचा परवाना, २० कोटींच्या पुढे केंद्राचा. त्याच नियमांत लहान उत्पादकाच्या व्याख्येत रोज १०० किलोपर्यंतची उत्पादन क्षमताही येते. कांडप मशीन मोठं घेणार असाल तर ते घेण्याआधी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात विचारा की क्षमता कशी धरतात.

आता वाचायचं काय? अन्न सुरक्षा कायदा २००६ चा, पण रोजच्या कामाचं सगळं त्याखालच्या विनियमांत आहे. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रत्येक विनियमाचा एकत्रित संग्रह असतो, दुरुस्त्या घालून केलेला. तोच उतरवा आणि पहिल्या पानावर तो कुठल्या तारखेपर्यंतचा आहे ते बघा. त्या तारखेनंतरच्या अधिसूचना वेगळ्या यादीत मिळतात. प्रत्येक अधिसूचनेत दोन तारखा असतात: राजपत्रात आल्याची आणि अमलात येण्याची. लेबलच्या बाबतीत ही दुसरी तारीख हटकून बघायची. मसुदा आणि अंतिम अधिसूचना यांतही गफलत होते. 'मसुदा' लिहिलेलं दिसलं की तो अजून नियम झालेला नाही, व्हॉट्सअॅपवर मात्र तोच नियम म्हणून फिरत असतो.

तुमच्यासाठी तीन ठिकाणं. एक, परवाना विनियमांचं परिशिष्ट ४, स्वच्छतेचे निकष. परड्यातल्या खोलीची फरशी, जाळ्या, पाणी, निचरा हे बांधकाम करतानाच त्यावरून ठरवा. दोन, अन्नपदार्थ मानकांतला मसाल्यांचा भाग, २.९. उदाहरणार्थ मिरची पुडीत ओलावा ११ टक्क्यांच्या आत, एकूण राख ८ टक्क्यांच्या आत, रंग अजिबात नाही. मिरची कांडताना तेलाचा हात लावायची आपल्याकडे रीत आहे. मिरची पुडीत खाद्यतेल २ टक्क्यांपर्यंतच चालतं, तेही कुठलं आणि किती ते लेबलवर लिहून. तीन, २०२० चे लेबलिंग विनियम.

ओलाव्याचं कळकळीनं सांगते. आमच्याकडे येणाऱ्या घरगुती नमुन्यांत सगळ्यात जास्त अडचण त्याचीच असते. मिरची वरून कडकडीत दिसते, देठाजवळ ओल राहते. ढगाळ हवेत वाळवलेला कांदाही तसाच. बुरशी तिथून धरते. विक्री सुरू करण्याआधी एक नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासून घ्या, आपलं घरचं वाळवण निकषात बसतं की नाही ते कळेल.

पैलतीर | ७ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५५

न्यू जर्सीहून वाचतेय. आमच्या राज्यात घरी केलेला केक विकायलाही ऑक्टोबर २०२१ पर्यंत परवानगी नव्हती. आता परवाना मिळतो, वर्षाला ५०,००० डॉलरच्या विक्रीपर्यंत. इथे उद्योगाचा कोड सहा आकडी असतो, मसाल्यांचा ३११९४२. ताई, इकडे मसाला पाठवाल का? इथल्या मराठी मंडळात हातोहात जाईल!

हिशोबनीस | ७ ऑगस्ट, रात्री १०:००

पैलतीर, व्यापारी निर्यात म्हटली की आयात-निर्यात कोड आणि मसाला मंडळाची निर्यातदार नोंदणी दोन्ही लागतं. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँग आणि सिंगापूरनं इथिलीन ऑक्साइड या जंतुनाशक रसायनावरून काही भारतीय मसाले बाजारातून काढायला लावले, तेव्हापासून तपासणी कडक झालीय. ताईंनी आधी कराड-सातारा बसवावं.

गुमास्त्याचं राहिलं होतं. २०१७ च्या राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२४ मध्ये १० पेक्षा कमी कामगार असतील तर नोंदणी लागत नव्हती, ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते. बँका खातं उघडताना ती मागतात, म्हणून करून ठेवा. ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला घ्या. मशीन घरगुती मीटरवर चालवू नका, महावितरणकडे वेगळी जोडणी मागा. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या लाल, नारिंगी, हिरव्या, पांढऱ्या याद्यांत मसाला दळण्याचा उद्योग मोटारीच्या अश्वशक्तीप्रमाणे कुठे बसतो, ते मोटार घेण्याआधी तपासा.

छापखाना | ८ ऑगस्ट, सकाळी ९:३०

इचलकरंजीत पाऊच छपाई करतो. ताई, छापील पाऊचची पहिली ऑर्डर लहान द्या, दर जास्त पडला तरी. छपाईचा सिलिंडर एकदा कोरला की अक्षर बदलायला पुन्हा खर्च. बॅच, तारीख, किंमत यांची जागा कोरी ठेवा, ते भरताना छापायचं. मजकूर पाठवा, सगळे मिळून बघू.

मिरचीपूड | ८ ऑगस्ट, रात्री ९:२५

हा कच्चा मजकूर. पाऊच २०० ग्रॅमचा.

कांदा-लसूण मसाला. घटक: मिरची, कांदा, लसूण, सुकं खोबरं, धने, तीळ, मीठ, तेल, गरम मसाला. निव्वळ वजन २०० ग्रॅम. किंमत १४० रुपये. तयार केल्यापासून ६ महिन्यांत वापरावा. खाली पत्ता, फोन आणि अन्न नोंदणी क्रमांकाची जागा. सगळं मराठीतच ठेवायची इच्छा आहे.

अन्नपूर्णा_लॅब | ८ ऑगस्ट, रात्री १०:१०

घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं हवेत, तेव्हा तुमच्या टक्केवारीच्या कागदाशी ताडून बघा. 'तेल' पुरेसं नाही, शेंगदाणा की सरकी ते लिहा. शेंगदाणा ॲलर्जीच्या यादीत आहे, चटणीच्या पाकिटावर तो वेगळा ठळक हवा. मेतकुटाच्या पाकिटावर गव्हाचा ग्लूटेनही. हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका, बॅच क्रमांक, आणि उत्पादनाची व वापराच्या अंतिम मुदतीची तारीख हवी. क्रमांकाशेजारी प्राधिकरणाचं बोधचिन्ह. चुकीचं लेबल असलं तर कलम ५२ खाली ३ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो.

वजनकाटा | ९ ऑगस्ट, सकाळी ७:१५

किंमत अशी लिहा: 'कमाल किरकोळ किंमत ₹१४० (सर्व करांसह)', आणि लगेच खाली 'एकक विक्री किंमत ₹०.७० प्रति ग्रॅम'.

भाषेचं जरा मनाला लागेल. आवश्यक मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीतच असावा लागतो, आमच्याही नियमांत आणि अन्न लेबलच्याही. मराठी जोडीला कितीही छापा, फक्त दोन्ही मजकूर एकमेकांशी जुळले पाहिजेत. पुढच्या बाजूला मोठ्या अक्षरात मराठी नाव आणि सासूबाईंच्या मसाल्याची ओळख, मागच्या बाजूला इंग्रजी तपशील आणि त्याखाली तेच मराठीत, असं बसवता येईल. २०० ग्रॅमच्या पाऊचवर तेवढी जागा निघते.

छापखाना | ९ ऑगस्ट, सकाळी ८:४०

निघते. ताई, पाऊचची लांबी-रुंदी कळवा, दोन्ही बाजूंचं कच्चं डिझाइन आज संध्याकाळी इथेच टाकतो.